पवई तलाव : इतिहास काय आहे आणि आता तिथे नक्की काय काय करता येतं?

चांदिवली_नवीन

नमस्कार मंडळी, आम्ही याच वर्षी कल्याणहून चांदिवलीला राहायला आलोय आणि जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) येता-जाता रोज पवई तलाव दिसतो. एवढं मोठं पाणी, मागे डोंगर, आणि कडेकडेने सगळी जलपर्णी. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याने प्रश्न विचारून भंडावून सोडलंय. हा तलाव कोणी बांधला, आपण हेच पाणी पितो का, यात खरंच मगर आहे का, मग बोट का नाही, मासे पकडायला मिळतील का, पोहायला का जात नाही कोणी. मला यातलं धड एकाचंही उत्तर देता येत नाहीये.

नेटवर शोधलं की एकतर फ्लॅटच्या जाहिराती येतात नाहीतर पावसाळ्यातली 'पवई तलाव ओसंडून वाहू लागला' ही बातमी. इथे जुने पवईकर असतील त्यांनी प्लीज नीट सांगा, थोडं मोठं लिहिलंत तरी चालेल, मी त्याला वाचून दाखवणार आहे. आणि रविवारी सकाळी मुलाला घेऊन गेलं तर तिथे करण्यासारखं काय आहे तेही सांगा. सायकल ट्रॅक होणार होता असं ऑफिसमध्ये ऐकलं, तो नक्की कुठे आहे?

---

बांधावरचा

ताई, मुलाला सांगा की हा तलाव निसर्गाचा नाही, माणसाने बांधलेला आहे, आणि बांधला तो प्यायच्या पाण्यासाठीच. मी लहानपणापासून इथलाच, त्यामुळे या विषयावर कोणी विचारलं की मला थांबता येत नाही, सांभाळून घ्या.

सुरुवात अशी की मुंबईला पूर्वी पाण्याची फार बोंब होती. सगळी भिस्त विहिरी आणि टाक्यांवर. मग इंग्रजांनी विहार तलाव बांधला, तो १८६० ला पूर्ण झाला, पाइपने शहरात पाणी आणायची ती पहिली मोठी योजना. शहर वाढत गेलं, ते पुरेना, म्हणून १८७९ ला तुळशी. तेही पुरेना. मग तानसा तलावाचं मोठं काम हातात घेतलं पण ते होईपर्यंत मधल्या काळात करायचं काय, तर पवईच्या खोऱ्यात बांध घालून घाईने हा तलाव केला. १८९० ला बांधकाम पूर्ण झालं आणि त्या वेळचे साधारण १२ लाख ५९ हजार रुपये लागले असं महापालिका दरवर्षी आपल्या पत्रकात देते. दिवसाला २० लाख गॅलन पाणी मिळेल असा हिशोब होता. पण पाणीच चांगलं निघालं नाही! प्यायच्या लायकीचं नाही म्हणून तो नाद सोडून दिला, आणि १८९२ ला तानसाचं पाणी आल्यावर तर पवईची गरजच संपली.

म्हणजे बघा, ज्या कामासाठी बांधला ते काम या तलावाने जेमतेम केलं, आणि तरी सव्वाशे वर्षांहून जास्त झाली, तो आहे तिथे आहे. विहार आणि तुळशीचं पाणी मुंबई आजही पिते, त्यामुळे तिथे बंदोबस्त असतो, सामान्य माणसाला काठावर जाऊन बसता येत नाही. पवईचं पाणी पीत नाहीत म्हणूनच तो लोकांना मोकळा मिळाला. मला हे नेहमी फार मोठं वाटतं, की मुंबईसारख्या शहरात एवढं पाणी लोकांना नुसतं बघायला, काठाने चालायला मिळतंय.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर ही सगळी जमीन १७९९ ला कंपनी सरकारने डॉक्टर हेलेनस स्कॉट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरला भाडेपट्ट्याने दिली होती, त्याने इथे ऊस वगैरे लावून बघितला. नंतर १८२९ च्या सुमारास ही इस्टेट फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे आली. तेच फ्रामजी ज्यांच्या नावाची फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट धोबीतलावला आहे. त्यांनी इथे ऊस, तुती, नीळ असली पिकं घेतली, विहिरी खोदल्या, तेव्हा हे सगळं शेतीचं खोरं होतं. आज ज्या जागी पाणी आहे तिथून एक ओढा वाहत होता, मिठी नदीला मिळणारा, त्याच्यावरच बांध घातलाय.

तलावानंतर मात्र बरीच वर्षं इथे फारसं काही घडलं नाही. मग १९४९ ला बाजूला आरे दूध वसाहत सुरू झाली, १९५८ ला आयआयटी आली, १९५९ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंनी तिची पायाभरणी केली. आयआयटीच्या आवारात तलावाच्या काठाला पद्मावती देवीचं मंदिर आहे, ते ठिकाण तलावाच्या कितीतरी आधीचं. आणि ते हिरानंदानीचे उंच टॉवर तर ऐंशीच्या दशकानंतरचे. आमच्या लहानपणी तिकडे नुसत्या खाणी आणि टेकड्या, संध्याकाळ झाली की त्या रस्त्याला चिटपाखरू नसायचं.

---

चांदिवली_नवीन

वा दादा, किती छान सांगितलंत. म्हणजे आत्ता हे पाणी कोणीच वापरत नाही का?

---

निवृत्त_जलखाते

वापरतात, पण प्यायला नाही. कारखान्यांना आणि आरे वसाहतीला पिण्याव्यतिरिक्तच्या कामासाठी जातं.

मी आयुष्यभर पाण्याच्याच कामात होतो (इथे नाही, दुसऱ्या शहरात) म्हणून थोडे आकडे सांगतो, मुलगा नऊ वर्षांचा आहे म्हणजे गुणाकार भागाकार येत असेल, त्याला मजा येईल. महापालिकेच्या माहितीप्रमाणे तलाव काठोकाठ भरला की त्यात ५४५ कोटी लीटर पाणी मावतं आणि पाण्याचा पसारा होतो सुमारे २.२३ चौरस किलोमीटर. पाण्याला क्षेत्रफळाने भागा, सरासरी खोली येते अडीच मीटरच्या आसपास. काही ठिकाणी बराच खोल आहे, पण त्याचा अर्थ असा की बाकी बराच भाग अगदी उथळ आहे. हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं दुखणं त्यातच आहे.

तुलनेला, तुळशी ८०४ कोटी लीटरचा, म्हणजे पवई काही त्याच्या फार मागे नाही. पण मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लीटर पाणी पुरवलं जातं, त्या हिशोबाने अख्खा पवई तलाव म्हणजे आजच्या मुंबईचं दीड दिवसाचं पाणी. १८९० साली हीच योजना आधाराची वाटत होती, शहर किती वाढलं ते यावरून कळतं.

आता पाऊस. पाणलोट आहे ६.६१ चौरस किलोमीटर. मुंबईच्या उपनगरात वर्षाला सव्वादोन-अडीच मीटर पाऊस पडतो. ढोबळ गुणाकार केला तर तलावात मावेल त्याच्या अडीच-तीन पट पाणी त्या खोऱ्यावर पडतं, म्हणून हा तलाव भरतोच, फक्त लवकर की उशिरा एवढाच प्रश्न. २०२४ ला ८ जुलैला भरून वाहायला लागला आणि २०२५ ला तर १८ जूनलाच. वरून सांडलेलं पाणी मिठी नदीत जातं, विहारचं सांडलेलं पाणीही तिलाच मिळतं, आणि तिथून ती साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीपर्यंत जाते. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठीने काय केलं ते मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तलाव भरला की खालच्या वस्त्यांकडे लक्ष ठेवावं लागतं, ती बातमी नुसती कौतुकाची नसते.

उथळपणाचं कारण गाळ. आजूबाजूच्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं दगडाच्या खाणी चालल्या, झाडं गेली, बांधकामं झाली, ती सगळी माती पावसाबरोबर खाली तलावात. त्यात सांडपाणी. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो आणि तेच जलपर्णीचं खत. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडे शोभेची म्हणून आली, आणि खत मिळालं की दोन-तीन आठवड्यांत दुप्पट पसरते. मशीन लावून काढतात, डंपर भरभरून नेतात, पण खालून खत चालू असेल तर ती परत येणारच. मला कोणी विचारलं तर काढण्यावर जेवढा खर्च होतो त्याच्या आधी एकेक नाला अडवून ते पाणी मलनिस्सारण वाहिनीत वळवण्यावर व्हायला पाहिजे. हे काम दिसत नाही, फीत कापायला काही नसतं, म्हणून मागे पडतं.

---

गळकरी

माशांचं मी सांगतो, हे माझं खातं 🙂

ताई, मासे पकडता येतात, पण असं वाटलं आणि काठी घेऊन बसलं असं नाही. इथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, १९५५ ची संस्था, त्यांची मेंबरशिप किंवा परवानगी लागते. गळाने मासेमारी हा खेळ म्हणून मुंबईत टिकलाय त्यात या संस्थेचा आणि या तलावाचा वाटा फार मोठा आहे. आमच्यासारख्या नोकरदार माणसाला लोकलने जाऊन अर्धा दिवस पाण्याशी बसता येईल अशी दुसरी जागा मुंबईत सांगा मला. त्यांच्याकडे आधी चौकशी करा, नियम आणि फी वेळोवेळी बदलते म्हणून मी इथे लिहीत नाही.

मुलाला एक गोष्ट आधी शिकवा, ती म्हणजे कुठला मासा कुठे खातो. आपल्याकडचे तीन मोठे मासे, कटला, रोहू आणि मृगळ. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ तळाशी चिखलात तोंड घालून. एकाच पाण्यात तिघे राहतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत, म्हणून तळ्यात तिन्ही एकत्र सोडतात. त्यामुळे गळ किती खोल सोडायचा हे तुम्हाला कोण हवंय त्यावर. पोरांना हे एकदा समजलं ना की ती तासन्‌तास शांत बसतात, मी स्वतः बघितलंय, मोबाइल आठवत पण नाही. आणि तिलापिया पण आहे भरपूर, तो बाहेरून आलेला, कुठल्याही पाण्यात तग धरतो. एखाद्या तलावात हळूहळू फक्त तिलापियाच मिळायला लागला तर समजायचं पाणी बिघडलंय.

वरच्या सरांनी उथळपणाचं सांगितलं त्याला जोडून सांगतो. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी आणि गरम, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात रात्रभर शेवाळ आणि वनस्पती ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे सगळ्यात वाईट वेळ. तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. लोक म्हणतात अरे किती मासे वर आलेत, व्हिडिओ काढतात, आणि खरं तर ते गुदमरत असतात. मग पहिला जोराचा पाऊस आला की नाल्यात साठलेली सगळी घाण एकदम आत येते, ती कुजायला परत ऑक्सिजन लागतो, आणि मग मेलेले मासे काठाला लागतात. जलपर्णीची चादर वरून पसरली की हवा आणि ऊन दोन्ही अडतं, ती मरून तळाला बसली की तिचं कुजणं वेगळं. मला त्या दिवसांत तलावावर जाववत नाही, सांगतो खरंच.

मोठा मासा मिळाला तर फोटो काढून परत सोडा ही सवय मुलाला लावा. खायला मासे बाजारात मिळतात, आणि या पाण्यातला मासा मी तरी घरच्यांना खाऊ घालणार नाही.

---

पेडल_पवई

सायकल ट्रॅकचं मी सांगतो कारण मी त्याच्या बाजूने होतो आणि अजूनही माझं म्हणणं पूर्ण बदललेलं नाहीये.

महापालिकेने तलावाभोवती साधारण दहा किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायचं ठरवलं होतं. काठाने दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या रचून, त्याला गॅबियन म्हणतात, त्याच्यावर ट्रॅक, म्हणजे पाणी झिरपायला जागा राहील असा त्यांचा दावा होता. आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी आणि इतरांनी हायकोर्टात जनहित याचिका टाकली आणि ६ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो प्रकल्प बेकायदा ठरवला, केलेलं बांधकाम काढा आणि जागा होती तशी करा असा आदेश दिला. त्यामुळे ताई, तो ट्रॅक आता शोधू नका.

पण मला एवढंच म्हणायचंय की सायकलवाल्याने जायचं कुठे? जेव्हीएलआरवर बस, ट्रक, रिक्षा, मेट्रोचं काम, त्यात मुलाला सायकल चालवायला कोण देईल? चालायला फुटपाथ आहे तर त्यावर बाइक चढतात. लोकांना तलावाशी नातं जोडायचं असेल तर तिथपर्यंत पोचायला तरी पाहिजे ना, आपण रोज बघतो त्याच गोष्टीसाठी आपण भांडतो, काठच बंद ठेवला तर उद्या तिथे भराव टाकला तरी कोणाला कळणार नाही. माझ्या ओळखीतले कितीतरी जण पवईत दहा-पंधरा वर्षं राहतात आणि तलावाच्या काठावर एकदाही गेलेले नाहीत, ही चांगली गोष्ट आहे का?

---

कमळपक्षी

पेडल दादा, पोचायला पाहिजे हे १००% मान्य. पण काठ म्हणजे रिकामी जागा नाही हे आधी समजून घ्यायला हवं, आणि मी याच्यासाठी थोडं लांब लिहिणार आहे.

पहिलं मगरीचं. हो, खरंच आहेत. गोड्या पाण्यातली मगर, आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच हिला. मगरीचं रक्त थंड, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी ऊन खायला ती काठावर किंवा छोट्या बेटावर येऊन पडते, तेव्हा दिसण्याचा चान्स सगळ्यात जास्त. आणि मुख्य म्हणजे ती अंडी पाण्यात घालत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठाच्या मातीत खड्डा खणून पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोनेक महिन्यांनी, पावसाच्या आधी, पिल्लं बाहेर येतात. त्या खड्ड्यातल्या मातीच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी ते ठरतं, हे तुमच्या मुलाला नक्की सांगा. आता विचार करा, तो मातीचा उतार काढून तिथे दगडाच्या पेट्या रचल्या तर तिने चढायचं कुठून आणि खणायचं कुठे? कोर्टात पाणथळ जागांच्या नियमांचा मुद्दा आला तो कायद्याचा भाग झाला, पण जमिनीवरचं कारण हे आहे.

पक्ष्यांचंही तसंच. कमळपक्षी बघितला नसेल तर पावसाळ्यात जा. बोटं इतकी लांब की तरंगत्या पानांवरून चालत जातो, आणि याच्यात अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो, मादी दुसरीकडे जाऊन परत अंडी घालते. जांभळी पाणकोंबडी, अडई, पाणकावळा, राखी बगळा, खंड्या, वारकरी, एवढे तर नवशिक्यालाही ओळखता येतील. पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसला की मुलं विचारतात हा असा का बसलाय, तर त्याची पिसं पाण्याने भिजतात म्हणून बुडी मारून झाली की वाळवत बसतो, भिजल्यामुळेच त्याला खोल बुडता येतं.

जलपर्णीबद्दल पण एक सांगायचंय जे सहसा कोणी बोलत नाही. ती काढायलाच पाहिजे यात वाद नाही, पण ऐन पावसाळ्यात सरसकट मशीन फिरवलं तर तिच्यावर घरटं केलेल्या कमळपक्ष्याची अंडी पण डंपरमध्ये जातात. पावसाच्या आधी जोर लावून काढा, आणि काठाकाठाने मूळची पाणवनस्पती आहे, कमळ, लव्हाळी, ती वेगळी ओळखून ठेवा. दोन्हीला हिरवं गवत समजून साफ करणं म्हणजे पक्ष्याचं घरच काढून घेणं.

सायकलचं म्हणाल तर माझं म्हणणं, ट्रॅक रस्त्याच्या बाजूला काढा ना! जेव्हीएलआरच्या कडेला तलावाच्या लांबीभर फुटपाथ नीट करा, बाइक चढू नये म्हणून खांब लावा, बसायला बाक, मुलांना बघायला दोन-तीन ठिकाणी उंचावरून जागा. लोक पाण्याजवळ येतील आणि उतार मगरीला राहील. जे आहे ते आधी वापरण्याजोगं करा असं मी कितीतरी मीटिंगमध्ये बोलले आहे.

---

पेडल_पवई

रस्त्याच्या बाजूला काढला तर माझी काहीच हरकत नाही, उलट ऑफिसला जाणाऱ्यांना पण उपयोग होईल. फक्त तो 'सुशोभीकरणा'च्या नावाखाली फरशा आणि रंगीत दिवे होऊ नये. दिवे पाण्याच्या दिशेने मारतात तेव्हा मलाही त्रास होतो, पक्ष्यांना किती होत असेल.

---

हिलसाइड_आई

मी रोज सकाळी तिथे चालते, दोन मुलांची आई आहे, त्यामुळे प्रॅक्टिकल सांगते.

जेव्हीएलआरच्या बाजूला प्रोमेनेड आणि बाग आहे, तिथून सुरुवात करा. सूर्य वर यायच्या आत पोचा, सात-साडेसातनंतर ट्रॅफिकचा आवाज एवढा होतो की पक्षी ऐकू येत नाहीत. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर कोणाचीतरी उसनी घ्या, मुलांचा सगळा दिवस बदलतो. पावसाळ्यात छत्री नको, रेनकोट, कारण वारा जोरात असतो.

पोहणं अजिबात नाही. मगर हे एक कारण झालं, पण तळाचा गाळ आणि जलपर्णीची मुळं हे त्याहून धोक्याचं, पाय अडकला की चांगला पोहणारा पण बाहेर येत नाही. गणेश घाटाच्या पायऱ्यांवर मुलाचा हात सोडू नका, पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. पाण्याच्या अगदी काठावर संध्याकाळी अंधार पडताना थांबू नका. आणि प्लीज पाव, बिस्किटं, निर्माल्य पाण्यात टाकू नका, पुण्य म्हणून माशांना खायला घालणारे खूप जण दिसतात, मी रोज कोणाला ना कोणाला सांगते, बरेचसे ऐकतात पण. बोटिंगच्या आशेने येऊ नका, त्याच्यासाठी ठाण्याचा मासुंदा तलाव, म्हणजे तलावपाळी, बरी पडेल.

विसर्जनाला लाखभर लोक येतात असं वाटतं इतकी गर्दी असते, आमच्या सोसायटीने गेली काही वर्षं शाडूची मूर्ती आणि सोसायटीच्या आवारातच टाकी असं केलंय. सुरुवातीला म्हाताऱ्या मंडळींना पटत नव्हतं, आता तेच पुढे असतात. पीओपीची मूर्ती विरघळत नाही, तळाला तशीच बसते, आणि गाळाचं तर वर सरांनी सांगितलंच आहे.

---

बांधावरचा

हिलसाइड ताईंना अनुमोदन. सोसायट्यांनी मनावर घेतलं तर बरंच होतं. त्याच्यात एक भर घालतो, आपापल्या बिल्डिंगचं सांडपाणी नक्की कुठे जातं हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा विचाराच. पावसाच्या पाण्याच्या गटाराला कोणीतरी कधीतरी ड्रेनेज जोडून ठेवलेलं असतं आणि नव्या कमिटीला त्याचा पत्ता नसतो. आमच्याकडे असंच निघालं, प्लंबर बोलावून रंगीत पाणी सोडून बघितलं तेव्हा कळलं, मग दुरुस्त करून घेतलं. तलावासाठी आम्ही आजपर्यंत जे काही केलं त्यात मला हे सगळ्यात कामाचं वाटतं.

---

निवृत्त_जलखाते

बांधावरचा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. रंग टाकून बघणं ही साधी आणि खात्रीची पद्धत आहे. संडासात आणि स्वयंपाकघराच्या मोरीत वेगवेगळा रंग टाकायचा आणि बाहेर पावसाळी गटाराच्या झाकणापाशी माणूस उभा करायचा. कोरड्या दिवसात करा, पावसात काही कळणार नाही. आणि अजून सोपी खूण, उन्हाळ्यात आठ-आठ दिवस पाऊस नसताना पावसाळी गटारातून पाणी वाहत असेल तर ते पाणी कुठूनतरी येतंय, त्याचा उगम शोधा आणि लेखी तक्रार करा, फोटो आणि तारखेसकट.

---

चांदिवली_नवीन

सगळ्यांचे खूप आभार, मुलाला अख्खं वाचून दाखवलं. मगरीच्या अंड्याचं ऐकून तो गप्पच झाला, मग म्हणाला की गरम मातीत मुलगा होतो की मुलगी? 😀 आणि आता त्याला गळ टाकायचाय आणि कमळपक्षी पण बघायचाय. दोन्ही एका दिवशी जमेल का? आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये रंगाच्या पाण्याचं मी मांडणार आहे हे नक्की.

---

कमळपक्षी

मध्यम तापमान असलं तर जास्त नर होतात, त्यापेक्षा थंड किंवा खूप गरम असलं तर माद्या जास्त, साधारण ३२ अंशाच्या आसपास नर. सांगा त्याला, प्रश्न एकदम बरोबर विचारलाय.

---

गळकरी

एका दिवशी नको ताई. पक्षी बघायला सारखं हलावं लागतं आणि गळाला एका जागी बसावं लागतं, नऊ वर्षांच्या मुलाला दोन्ही धड होणार नाही. आधी पक्षी करा, तेवढ्यात असोसिएशनमध्ये जाऊन लहान मुलांना बरोबर आणता येतं का आणि कुठल्या दिवशी, ते विचारून घ्या. पहिल्या दिवसाला रील-बील काही विकत घेऊ नका, साधी बांबूची काठी, तरंगणारं बूच आणि कणकेचा गोळा पुरेसा होतो. टोपी आणि पाणी मात्र जास्तीचं न्या.